ठसका लागला की ‘वर बघ’ म्हणू नका : गिळायला त्रास असलेलं माणूस घरी आणताना

आपल्याकडे कुणाला ठसका लागला की घरातली चार माणसं एकदम ओरडतात, ‘वर बघ, वर बघ!’ कुणी पाठीवर थापटतं, कुणी पाण्याचं भांडं पुढे करतं. धडधाकट माणसाला यातलं काही फारसं बाधत नाही. पण जे माणूस पक्षाघाताचा झटका, पार्किन्सन्स, डोक्याची किंवा घशाची शस्त्रक्रिया, नाहीतर व्हेंटिलेटरवरचे कितीतरी दिवस काढून घरी आलंय, त्याच्यासाठी हे सगळं उलटं पडू शकतं. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट सरळ मोकळी होते, आणि पाणी तर त्या वाटेने जायला टपलेलंच असतं.

आम्हाला हे कळायला एक न्यूमोनिया लागला. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, स्ट्रोकनंतर अकराव्या दिवशी घरी आले. डिस्चार्ज कार्डावर आहाराच्या रकान्यात दोनच शब्द होते : ‘सॉफ्ट डाएट’. सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात सॉफ्ट म्हणजे काय, तर सैलसर वरण-भात, दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं मारी बिस्किट. तीन दिवस हेच भरवलं. ठसका क्वचितच लागायचा, म्हणून आम्ही खूश. जेवणानंतर आवाज जरा घोगरा, ओला यायचा, त्याला आम्ही ‘कफ झालाय’ म्हणालो आणि हळदीचं दूध दिलं. चौथ्या रात्री ताप चढला, धाप लागली, परत दाखल. अन्न आणि पाणी थोडंथोडं फुप्फुसात उतरत होतं.

त्या दुसऱ्या मुक्कामात स्पीच थेरपीच्या मॅडम भेटल्या. पुढे लिहिलंय ते बहुतेक त्यांनी शिकवलेलं आणि मग नऊ महिने मी ओट्यापाशी गिरवलेलं आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या पेशंटला तपासलेल्या माणसाचं म्हणणं आणि माझं लिहिणं यात फरक दिसला, तर त्यांचंच ऐका.

आधी एवढं समजून घ्या

घसा म्हणजे एकच चौक आहे आणि पुढे रस्ते दोन : पुढचा हवेचा, मागचा अन्नाचा. गिळताना क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, हवेचा रस्ता बंद होतो, घास मागच्या रस्त्याला लागतो. मेंदूला मार बसला किंवा स्नायू थकले की हा सिग्नल उशिरा पडतो. आता पाणी म्हणजे अलका टॉकीजच्या चौकातला दुचाकीवाला; सिग्नल पडायच्या आत निसटतो. दाट पदार्थ म्हणजे बस. येते सावकाश, तोवर सिग्नल पडतो. म्हणून या पेशंटसाठी सगळ्यात मऊ, सगळ्यात ‘निरुपद्रवी’ वाटणारी वस्तू, म्हणजे साधं पाणी, बऱ्याचदा सगळ्यात धोक्याची असते. आपण कडक पदार्थांना घाबरतो आणि पाण्याबद्दल निर्धास्त असतो. आमचं तिथेच चुकलं.

दुसरं म्हणजे, ठसका लागत नाही याचा अर्थ सगळं नीट चाललंय असा नाही. काहींच्या घशाची जाणीवच कमी झालेली असते. अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकलासुद्धा येत नाही. नानांचं तेच होत होतं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

घरी न्यायच्या गडबडीत बिल, विमा, ॲम्ब्युलन्स, भाड्याचा बेड यांत दिवस जातो आणि जेवणाचं विचारायचं राहून जातं. निदान अर्धा तास यासाठी काढा.

पहिला प्रश्न : गिळण्याची तपासणी झाली आहे का, आणि कुणी केली? हे काम स्पीच थेरपिस्टचं असतं. नावामुळे लोकांना वाटतं, ते फक्त बोलायला शिकवतात. ‘आमचे बाबा नीट बोलतात, आम्हाला नको’ असं म्हणून त्यांना दारातून परत पाठवणारे नातेवाईक मी वॉर्डात स्वतः पाहिलेत. बोलणं आणि गिळणं यांची यंत्रं बरीचशी तीच आहेत, म्हणून दोन्ही त्यांच्याकडे. भारतात हे काम करणाऱ्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. घरी येणारा थेरपिस्ट ठरवताना ती विचारायला संकोच करू नका. पुण्यात भारती विद्यापीठात हा विषय शिकवला जातो, त्यामुळे माणसं मिळतात, शोधावी लागतात एवढंच.

तपासणी बहुधा खाटेपाशीच होते. गरज पडली तर बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेवर गिळण्याचं चित्रीकरण करतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघतात. सगळ्या हॉस्पिटलांत या सोयी नसतात. पण न दिसणाऱ्या ठसक्याची शंका असेल तर खाटेपाशी बघून भागत नाही, तेव्हा ‘यांना तशी तपासणी हवी का?’ एवढं विचाराच.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : आकडा किती? ‘सॉफ्ट’, ‘सेमी-सॉलिड’, ‘लिक्विड’ हे शब्द कार्डावर असून नसल्यासारखे आहेत, कारण प्रत्येक घरात त्यांचा अर्थ वेगळा. जगभर आता पेय-अन्न किती पातळ, किती घट्ट हे सांगणारी शून्य ते सातची एक पट्टी वापरतात, तिला आयडीडीएसआय म्हणतात. शून्य म्हणजे पाण्यासारखं पातळ, सात म्हणजे नेहमीचं जेवण. पेयांना एक आकडा आणि अन्नाला एक आकडा असे दोन आकडे कार्डावर लिहून घ्या. नानांचे होते पेय २, अन्न ४. हे दोन आकडे हातात आले आणि आमचे निम्मे वाद संपले.

तिसरं, शेवटचं एक जेवण तुम्ही स्वतः थेरपिस्टसमोर भरवा. त्यांनी भरवलेलं बघून येत नाही. मॅडमनी माझ्या हातातला चमचा पहिल्याच घासाला थांबवला होता : चमचा फार भरलेला, मी उभी, आणि नाना माझ्याकडे मान वर करून बघत. तीन चुका एका घासात. परवानगी घेऊन व्हिडिओ काढून ठेवा, घरी नवऱ्याला, नणंदेला, रात्रपाळीच्या मावशींना दाखवायला उपयोगी पडतो.

गोळ्या कशा द्यायच्या, फेरतपासणी कधी आणि शंका आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हेही तिथेच लिहून घ्या.

आकड्यांचं स्वयंपाकघरात रूपांतर

पेयांचा आकडा घरी मोजता येतो. मेडिकलमधून १० मिलिलिटरची साधी सिरिंज आणा. सुई नको. एक बारकावा : शून्यापासून दहापर्यंतच्या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर असायला हवी, सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात. पट्टी लावून बघा. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करा, वरून १० मिलिलिटरपर्यंत पेय भरा. बोट काढा, दहा सेकंद मोजा, परत बंद करा. आत किती उरलं ते बघा :

१ मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर पातळी ०.
१ ते ४ उरलं तर पातळी १.
४ ते ८ उरलं तर पातळी २.
८ च्या वर उरलं तर पातळी ३.
काहीच खाली आलं नाही तर ४, म्हणजे ते आता चमच्याने खायचं.

चहा, ताक, सार, कढण, नारळपाणी, औषधाचं पातळ सिरप ही सगळी मोजून बघितल्याशिवाय ‘दाट आहे की’ म्हणू नका. आणि ज्या तापमानाला प्यायचं, त्याच तापमानाला मोजा. गरम असताना सैल वाटलेलं कढण गार झाल्यावर वेगळंच वागतं.

अन्नाला काटा-चमचा पुरतो. पातळी ४ म्हणजे एकसारखं, गुठळी नाही, चावायची गरज नाही. चमच्यात घेतलं तर ढीग टिकतो, चमचा तिरका केला की सगळा गोळा एकदम घसरून पडतो, मागे चिकटून राहत नाही. चिकटत असेल तर ते घशातही चिकटेल. पातळी ५ मध्ये बारीक, ओलसर कण चालतात, पण मोठ्या माणसासाठी कण ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. काट्याच्या दोन दातांमधल्या फटीत मावेल एवढा. पातळी ६ ला दीड सेंटिमीटरपर्यंतचा मऊ तुकडा चालतो. तो काट्याने असा दाबायचा की अंगठ्याचं नख पांढरं पडेल. तुकडा चिरडला गेला आणि परत फुगला नाही, तर पास.

आता आपल्या जेवणातल्या चोरवाटा.

पहिली चोरवाट फोडणी. मी तासभर खपून पिठलं गुळगुळीत करायचे आणि वरून मोहरी, जिरं, कढीपत्त्याचं पान, मिरचीचा तुकडा. पातळी ४ च्या माणसाला मोहरीचा दाणासुद्धा नको. फोडणी करा, वास-चव तेलात उतरू द्या, मग ते तेल चहाच्या गाळणीतून पदार्थावर गाळा. हिंगाचा वास तसाच राहतो, नानांना फरक कळला नाही. वरून कोथिंबीर आणि ओलं खोबरं टाकायची हाताची सवय मोडायला मात्र मला महिना लागला.

दुसरी चोरवाट म्हणजे दोन जातींचा एकत्र घास, पातळ आणि घट्ट मिळून. तोंडात पातळ भाग आधी मागे सरकतो, घट्ट अजून पुढेच असतो, बिचाऱ्या सिग्नलला कळत नाही कुणासाठी थांबायचं. वरण-भात, दूध-पोळी, शिकरण, चहात बुडवलेलं बिस्किट, रस सुटणारं कलिंगड, संत्र्याची फोड ही सगळी याच जातीची. आणि अर्थात मिसळ. तर्री, फरसाण, मटकी, कांदा, पाव; गिळण्याच्या परीक्षेला याहून अवघड पेपर काढता येणार नाही.

तिसरी चोरवाट तोंडात गेल्यावर पातळ होणारे पदार्थ. आइस्क्रीम, कुल्फी, बर्फ, साधी जेली. वाटीत घट्ट, जिभेवर पाणी. नानांना भेटायला आलेल्या एका स्नेह्यांनी मोठ्या प्रेमाने मस्तानी आणली होती. ग्लास आत नेऊन मीच प्यायले.

चिकट आणि भुरभुरीत पदार्थ तर बाजूलाच ठेवा : साबुदाण्याची खिचडी, मोदकाची उकड, चिक्की, कोरडे पोहे, चिवडा, शेंगदाणे, पापड, बाकरवडी.

मग द्यायचं काय? बरंच काही. मऊ भात थोड्या वरणाबरोबर मिक्सरमध्ये फिरवून, गाळून, वर तूप-मेतकूट एकजीव करून. लाल भोपळा, दुधी, गाजर उकडून वाटलेलं. गाळलेलं पिठलं. नाचणीचं सत्त्व. आंब्याच्या दिवसांत चाळणीतून काढलेला, धागा नसलेला आमरस, गरज पडल्यास दाट करून. पण यादी पाठ करू नका; प्रत्येक वेळी चमचा तिरका करून बघा. कालचं वरण आणि आजचं वरण सारखं नसतं.

मिक्सरपेक्षा माझा खरा आधार पुरणयंत्र ठरलं. तुळशीबागेतून सासूबाईंनी कधीकाळी आणलेलं, होळीपुरतं माळ्यावरून उतरणारं. मिक्सर डाळीची सालं आणि भाजीचे धागे बारीक करतो पण ठेवतो. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून ते खाली येतच नाहीत. मिक्सर फिरत नाही म्हणून पाणी ओतू नका, चव आणि ताकद दोन्ही जातात. दूध, वरण, भाजीचं सूप घाला. वाटलेलं अन्न पोटात कमी जातं, म्हणून चमचाभर तूप, दुधाची पावडर घालून प्रत्येक घासाची ताकद वाढवा. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर हे आहारतज्ज्ञांना विचारून.

आणि सगळं एकत्र वाटू नका. पहिल्या आठवड्यात मी भात, वरण, भाजी एकदम फिरवून एक करडा लगदा पुढे ठेवला. नानांनी वाटीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर ताटात तीन वाट्या : पिवळं वरण, केशरी भोपळा, हिरवा पालक. डावीकडे बोटभर लिंबाच्या गोड लोणच्याचा गाळलेला रस, भाजीत कालवायला. ताट ताटासारखं दिसलं की माणूस जेवतो.

पाणी दाट करणं

यासाठी मेडिकलमध्ये पावडर मिळते, दुकानदाराला ‘थिकनर’ म्हटलं की कळतं. मोठ्या दुकानांत असते, नाहीतर मागवून देतात, स्वस्त नाही. डब्यावरच्या मापाने सुरुवात करा, ढवळा, सांगितलेला वेळ थांबा, मग सिरिंजने मोजा. दुधाच्या पेयांत घट्ट व्हायला जास्त वेळ लागतो. अजून पातळ दिसतंय म्हणून घाईने दुसरा चमचा घातलात की दहा मिनिटांनी लापशी होते. पावडर दोन प्रकारची असते. झँथन गमची लाळेत टिकते. स्टार्चची लाळेने पातळ होऊ शकते आणि नुसती ठेवली तर आणखी घट्ट होत जाते. पोट साफ होण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर चालू असेल, तर ती स्टार्चच्या थिकनरमध्ये मिसळू नका, मिश्रण एकदम पाणी होतं.

घरगुती जुगाड सुचवणारे पुष्कळ भेटतील. इसबगोल घाला, सब्जा घाला. नको. इसबगोल तर घशात फुगतं, आणि गिळायला त्रास असणाऱ्याने ते घेऊच नये.

दाट पाण्याची एक खरी अडचण आहे, ती थेरपिस्टही मान्य करतात : तहान भागल्यासारखं वाटत नाही आणि माणूस पिणंच कमी करतं. आम्ही सकाळी एका तांब्यात दिवसाचं पाणी मोजून काढायचो आणि नानांसाठीचं प्रत्येक पेय त्यातूनच बनवायचो. रात्री तांब्यात किती उरलं ते दिसायचं. लघवी गडद पिवळी, जीभ कोरडी, माणूस सुस्त, असं दिसलं तर वाट बघू नका. दिवसाला किती पाणी हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, हृदयाच्या पेशंटला मर्यादा असते.

भरवायची पद्धत

माणूस पूर्ण जागं नसेल तर भरवू नका. झोपेत ‘दोन चमचे तरी’ हा प्रकार नको. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, सगळं नंतर.

खुर्चीत ताठ, पाठीला उशी, पाय जमिनीला टेकलेले. उंची जमत नसेल तर खाली पाट द्या. बेडवरच भरवायचं असेल तर पाठीचा भाग पूर्ण वर करा. बेड अर्धवट वर केला की माणूस घसरतं आणि हनुवटी वर येते. तुम्ही समोर बसा, डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. उभ्याने भरवलं की समोरचा मान वर करणारच.

टीव्ही बंद. आमच्याकडे साडेसातची मालिका आणि जेवण हे समीकरण तीस वर्षांचं, त्यावर भांडण झालं. शेवटी जेवण सातला आणलं.

चहाचा चमचा, तोही अर्धा. चमचा जिभेच्या मधोमध, हलक्या दाबाने ठेवा. वरच्या दातांना घासून आत ओतू नका. मग कंठमण्याकडे बघा. तो वर जाऊन खाली आला म्हणजे गिळलं. तोवर दुसरा घास वर उचलायचासुद्धा नाही, कारण चमचा दिसला की माणूस घाई करतं. दर काही घासांनी ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज स्वच्छ तर पुढे. ओला, गुळगुळल्यासारखा आला तर थांबा, खोकायला सांगा, परत गिळायला सांगा. ज्या बाजूला पक्षाघात आहे त्या गालात घास साठतो आणि माणसाला ते कळतही नाही. शेवटी टॉर्चने गाल बघा. नानांच्या डाव्या गालात मला जेवणानंतर तासाभराने भोपळा सापडलाय.

हनुवटी छातीकडे वळवून गिळायला लावणं हे सगळ्यांसाठी नाही. काहींना मान एका बाजूला वळवावी लागते, काहींना काहीच नाही. तपासणीत सांगितलं असेल तेच करा, शेजारच्या पेशंटचं बघून नको. स्ट्रॉ आणि चोचीचा कप विचारल्याशिवाय नको. आणि आपली ती तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायची सवय, ओठ न लावता, मान मागे टाकून : ती कायमची बंद. सोवळ्यातल्या माणसांना हे पटवणं सोपं नाही, पण पर्याय नाही.

जेवण साधारण अर्ध्या तासात आटोपा. त्यापुढे स्नायू थकतात आणि शेवटचे घासच चुकीच्या वाटेला लागतात. भूक राहिली तर दोन तासांनी परत थोडं. दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी सोपी जातात. जेवल्यावर अर्धा तास तरी तसंच बसवून ठेवा. वामकुक्षी नंतर. पार्किन्सन्स असेल तर औषधाचा असर चढलेला असतानाच जेवण घ्यावं लागतं. वेळेचं गणित डॉक्टरांकडून बसवून घ्या. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात अशा गोष्टी अनुभवाने माहीत असलेली घरं भेटतात.

तोंडाची स्वच्छता

हे वाचताना कंटाळा येईल, पण न्यूमोनिया टाळायला याचा फार मोठा वाटा आहे. लाळ थोडीफार चुकीच्या वाटेने जातेच. ती जंतूंनी भरलेली नसावी, एवढं आपल्या हातात आहे. दिवसातून दोनदा ब्रश, मटाराएवढी पेस्ट, जेवणानंतर ओल्या गॉजने गाल, जीभ, टाळू पुसणं. चूळ भरायला दिलेलं पाणी हेही पातळी शून्यचं पाणी आहे, विसरू नका. पुढे वाकवून, थुंकता येत असेल तरच. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. आणि नळीने जेवण चालू असलेल्या माणसाचंही तोंड साफ करायचंच. ‘तोंडाने काही खातच नाहीत’ म्हणून बहुतेक घरांत इथेच दुर्लक्ष होतं.

गोळ्या

खलबत्ता काढायच्या आधी मेडिकलवाल्याला प्रत्येक गोळीचं नाव दाखवा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. काही गोळ्यांवर पोटातल्या आम्लासाठी आवरण असतं, त्याही कुटायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर बऱ्याचदा दुसऱ्या रूपातलं औषध मिळतं. जी गोळी चालते ती पाण्याबरोबर नाही, तर चमचाभर वाटलेल्या अन्नातून.

नाकातली नळी असेल तर

रोजची कृती नर्सकडून हाताने शिकून घ्या, वाचून नाही. मला महत्त्वाच्या वाटलेल्या गोष्टी : नाकपुडीपाशी नळीवर खूण असते, ती प्रत्येक फीडच्या, म्हणजे नळीतून जेवण देण्याच्या, आधी जागेवर आहे का बघा. डोकं ३० ते ४५ अंश वर, फीडनंतरही तासभर तसंच. सिरिंजने जोराने ढकलू नका, उंच धरून आपोआप उतरू द्या. फीड गाळलेलं हवं, आणि आधी-नंतर सांगितलेलं साधं पाणी सोडून नळी धुवा. खूण सरकली, फीड देताना खोकला आला किंवा नळी निघाली, तर काही देऊ नका आणि घरी परत घालायचा प्रयत्न करू नका.

नळी आहे म्हणून ‘चवीला थोडं तोंडाने’ द्यायचं नाही. थेरपिस्टने सांगितलं तरच, आणि सांगितलं तेवढंच.

पाहुणे, प्रसाद आणि ब्युरोच्या मावशी

आमच्याकडे सगळ्यात जास्त धोका प्रेमळ माणसांकडून झाला. गणपतीत घरी आलेल्या काकूंनी पळीभर तीर्थ नानांच्या तोंडात घातलं आणि खिरापतीची चिमूट जिभेवर ठेवली. नानांनी नाही म्हणायला हवं होतं, पण तीर्थाला नाही कोण म्हणतं? आता तीर्थ डोळ्यांना लावतो. पंचामृत दाट करून, मोजून, मी देते.

फ्रिजवर एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरांत : पेय पातळी अमुक, अन्न पातळी तमुक, साधं पाणी नाही, बसवूनच, अर्धा चमचा. दुसरी प्रत खाटेपाशी. रुग्णसेवेच्या ब्युरोतून येणाऱ्या मावशी बदलतात. दर नव्या मावशींना पहिलं जेवण तुमच्यासमोर भरवू द्या. त्यांना कमी समजतं म्हणून नाही. आमच्या एका मावशींनीच मला नानांचा ओला आवाज आधी ओळखून सांगितला होता. पण आधीच्या घरी त्यांना वेगळी पद्धत सांगितलेली असते.

कधी फोन, कधी १०८

जेवताना डोळ्यांत पाणी येणं, वारंवार घसा खाकरणं, ओला आवाज, जेवायला पाऊण-एक तास लागणं, जेवण टाळणं, महिन्यात कपडे सैल होणं : थेरपिस्टला त्याच दिवशी फोन. वजन आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर, त्याच वेळी.

ताप, धाप, छातीत घरघर, कफाचा रंग बदलणं, नेहमीपेक्षा गुंगी : डॉक्टर, ताबडतोब. वयस्कर माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. नुसता गोंधळलेपणाही पुरे.

घास अडकला आणि माणूस खोकतंय, आवाज काढतंय, तर खोकू द्या. पुढे वाकवा, पाणी देऊ नका, वर बघायला लावू नका. आवाजच निघेना, श्वास घेता येईना, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार दणके, नाही सुटलं तर मागून मिठी घालून बेंबी आणि बरगड्यांच्या मधे मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके, परत दणके. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन. तोंडात दिसत नसलेला घास बोटाने चाचपू नका, आणखी खाली जातो. शुद्ध हरपली तर जमिनीवर आडवं करून छातीवर दाब देणं सुरू करा. हे झटके एकदा कुणाकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. वेळ आली की वाचलेलं आठवत नाही.

आकडा पुढे सरकवणं

स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांचं गिळणं सुधारतं, काहींचं काही आठवड्यांतच. पार्किन्सन्ससारख्या आजारांत उलटही होतं. दोन्हीकडे फेरतपासणी लागतेच. ‘आज बरे दिसतायत, पाणी देऊन बघू’ हा प्रयोग घरी करायचा नाही, कारण न दिसणारा ठसका घरी दिसत नाही. व्यायाम दिले असतील तर तेही औषधासारखेच, मोजून, रोज.

नानांचं अन्न पाचव्या महिन्यात ४ वरून ५ वर गेलं, पेय सातव्यात २ वरून १ वर. त्या दिवशी घरी येताना त्यांनी अमृततुल्यपाशी रिक्षा थांबवायला लावली. मी पिशवीतून पावडरचा डबा काढला, चहा ढवळला, मोजून थांबले. ‘थांबेपर्यंत गार होतो,’ नाना म्हणाले. दुसऱ्या खेपेला टपरीवाल्याने आपणहून कडक उकळता दिला.

मारी बिस्किटाचं पुढच्या तपासणीला विचारायचं आहे. चिठ्ठीवर पहिलं तेच लिहिलंय, त्यांच्या हाताने.